मागे जागा आहे

डावा खांदा दीड इंच खाली.
हाडांच्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला
आणि विचारलं, काय उचलत होतात?
म्हटलं, सुट्टे पैसे.
पीएमटीत, एकतीस वर्षं.

"पर्वती चढा की, फुकट आहे,"
शकुंतला म्हणाली.
"महिन्याला दोन हजार, आणि ते जमिनीवर आडवं पडायला?
तेवढं तर तुम्ही घरीच करता."

दत्तवाडीत पिठाच्या गिरणीवर हॉल.
सात बायका, एक मी,
आणि शिकवणारी अस्मी बारटक्के, वय सव्वीस,
जिचा शाळेचा पास मीच कधीतरी तपासला असेन.
पहिल्या दिवशी मोज्याला भोक.
अंगठा बाहेर डोकावत होता
पेंगलेल्या उतारूसारखा,
आपला थांबा गेला की काय म्हणून.

खाली ज्वारी पडली की फरशी थरथरते.
त्या थरथरीवर पाठ टेकून,
पाय हवेत, हात वरखाली,
शंभरपर्यंत मोजायचं.
मी बाविसाला उतरलो.
बायका पुढं गेल्या, थेट शेवटपर्यंत.
कुणी हसलं नाही,
तेच जास्त लागलं.

मग बसल्या जागेवरून हळूहळू मागे,
एकेक मणका जमिनीला द्यायचा.
स्वारगेट. लक्ष्मीनारायण. पद्मावती.
आणि धाडकन कात्रज.
"काका, मधले थांबे गाळताय."
मी कंडक्टर होतो हे
हिला सांगितलं नव्हतं मी.

"श्वास पाठीत घ्या."
पाठीत कसला श्वास, बाई!
दांडी धरून जन्मभर एकच ओरडलो,
पुढं चला, पुढं रिकामं आहे,
रिकामं नसायचं तेव्हाही.
तिनं बरगडीवर मागून दोन बोटं टेकवली.
"इथे. मागे जागा आहे."

दोन महिने काही आलं नाही तिथं.
तिसऱ्यात, एका मंगळवारी,
गिरणीचा पट्टा घसरला, घरघर थांबली,
आणि त्या शांततेत
पाठीचं दार करकरत उघडलं.
फार नाही,
चारदोन उतारू मावतील एवढंच.
बुधवारी पुन्हा गच्च बंद.

मग साडूच्या मुलीचं लग्न निघालं.
मग सर्दी.
मग काहीच नव्हतं, नुसता कंटाळा,
त्याला मात्र कारण लागलं नाही.
रोज सहाला जाग यायची
आणि मी स्वतःला सांगायचो, गेली, आता पुढची.
एकोणीस गेल्या.
विसाव्या दिवशी जिना चढलो तेव्हा
माझी मॅट भिंतीशी होती तशीच,
वर पिठाची पातळ साय.
फुंकर मारली. शिंक आली.
अस्मी एवढंच म्हणाली, "कंबर उचला."

घरी पत्र्याच्या डब्यात एक गठ्ठा आहे,
दीड रुपयाची तिकिटं, गुलाबी, कधीच रद्द झालेली.
क्लासहून आलो की एक फाडतो,
जुन्या पंचनं भोक पाडतो. टक्.
"कुणाचं?" शकुंतला कणीक मळता मळता विचारते.
माझंच, म्हणतो.
एवढी वर्षं या अंगातून
फुकट फिरलो ना.
ती काही बोलत नाही, पण परवा
गठ्ठ्याला नवा रबरबँड दिसला.

अजीज टेलर माझ्या शर्टाच्या डाव्या खांद्यात
कापसाची गादी घालायचा, न विचारता.
यंदा माप घेताना टेप दोनदा लावला,
चष्मा कपाळावर सरकवला.
"ढमढेरे, गादी पातळ करू का?"
थांब, म्हटलं.
दिवाळीपर्यंत थांब.

सध्या एकाहत्तरला उतरतो.
बहात्तराव्याला मांड्या लटपटतात,
खालून गव्हाचा गरम वास येतो,
आणि शेजारच्या निंबाळकर बाई माझ्या वाटचं
पुढं मोजत राहतात, मोठ्यानं,
शंभर होईपर्यंत.
उद्या बुधवार.
मोजे दोरीवर आहेत,
अजून ओलेच.