सिरपूरच्या पाळीवर व्याही

व्याही पाटणहून आले ऐन पौषात,
एकावर एक दोन स्वेटर घालून.
मी बँकेच्या जुन्या डायरीत यादी करून ठेवलेली:
सकाळी सातला पोहे, वर शेव, जिरावण.
मग सिरपूर तलाव.
पाळीवर चालणे, एक तास.
पक्षी, अर्धा तास.
फोटो, विहीणबाईंचा वेगळा.
परतताना गराडू, तिखट कमी सांगून.

धार रोडला रिक्षा सोडली.
म्हटलं, इथून चालून घेऊ,
मग जरा बसून घ्या, पाणी पिऊन घ्या.
विहीणबाई हसल्या. तुमच्या मराठीत
माणसाला किती घ्यावं लागतं हो!
हसू देत.
चार पिढ्या इथलं पाणी पितोय,
भाषेला त्याची चव येणारच.

धुक्यात पाणी दिसेना, नुसते आवाज.
कुणीतरी पंख झटकलेले, कुणी बुडी मारलेली.
एक कॉलेजची मुलगी
तीन पायांवर दुर्बीण उभारून बसलेली.
मी ओळखीतल्यासारखं विचारलं, बेटा, आज काय काय आलंय?
ती न वळता म्हणाली, अंकल, हळू.

व्याह्यांनी विचारलं, इथं करायचं काय असतं?

मी हात वर करून दाखवू लागलो:
ती बदकं, लांबून येतात.
ते बघा, पानांवरून चालणारं, लांब बोटांचं, नाव आत्ता आठवत नाही.
तो बोर्ड, त्यावर सगळी माहिती आहे.
बोलता बोलता बघतो तर व्याही शेजारी नाहीत.
चपला हातात घेऊन
पाळीच्या दगडांवरून खाली उतरलेले,
उकिडवे बसलेले पाण्याशी.

चौतीस वर्षं धरणावर गेजरीडर.
दर तासाला पट्टीवरचा आकडा,
पावसात, रात्री, बॅटरी दातांत धरून.
आता दगडांवरचे डाग वाचत होते.
हे भाद्रपदातलं, म्हणाले, इथवर होतं.
मग एकदम उतरलंय, कुणीतरी दार उघडलं असणार.
आणि ही बारीक रेघ बघा,
इथं आठवडाभर थांबलं होतं. हललंच नाही.
बोट ठेवा.

ठेवलं. दगड गार.
पासबुकावरचा शिक्का पानाच्या मागून
हाताला लागावा, तेवढीच ती रेघ.
चाळीस वर्षं या गावात,
पाहुणे घेऊन दहा-बारा वेळा आलो असेन.
मला वाटायचं पाणी एक तर असतं,
नाही तर नसतं.

मग न विचारता सांगितलं त्यांनी,
माझ्याकडे न बघता,
की एका रात्री झोपेच्या भरात
अर्धा फूट चुकीचा लिहिला होता.
काही झालं नाही. कुणाला कळलंही नाही.
सकाळी खोडून नीट केला.
पण अजून दोनला जाग येते.
उठून काय करणार?
मोरीतली बादली बघतो.

धुकं कधी गेलं ते कळलं नाही.
मुलीने दुर्बीण आवरली, जाताना म्हणाली,
आज छान दिसले सगळे.
आम्ही हो म्हटलं.
फोटो एकच निघाला, विहीणबाईंनी काढलेला:
दोन म्हातारे पाठमोरे,
दगडावर काहीतरी हरवल्यासारखे.
गराडू राहिले ते राहिलेच.

रात्री मोरीत दिवा दिसला.
मी शाल घेऊन गेलो.
बसून घ्या, म्हणाले,
आणि दुसरा पाट पायाने पुढे सरकवला.
झोपताना चार बोटं होतं, आता सहा.
नळ गळतो हे मला ठाऊक होतं.
किती, ते नव्हतं.