उणे पंचावन्न

आई म्हणते, घरात अभद्र बोलू नये,
वास्तू तथास्तु म्हणते.
मी ओझरला तेच करते. पगार घेऊन.

कागदावर लिहिते,
समजा, विजेचा दाब सगळ्यात कमी,
समजा, नेमकी तेव्हाच थंडी सगळ्यात जास्त,
समजा, चिप आळशी, तार लांब,
आणि विमान ढगात.
समजा, सगळी संकटं ठरवून एकाच वेळी आली.
मग चेंबरचं जाड दार लावते.
तो घरघरतो, तथास्तु.

आत तळहाताएवढं हिरवं कार्ड.
उणे पंचावन्न, अधिक पंच्याऐंशी,
पुन्हा खाली, पुन्हा वर.
मधेच हादऱ्यांच्या टेबलावर थरथरतं
पिंपळगावच्या रस्त्याला क्रेटमधली द्राक्षं थरथरावीत तसं.
द्राक्षांना गळायची मुभा असते.

तिसऱ्या फेरीत, पहाटे तीन सतराला,
उणे एक्केचाळीसवर
एका शून्याचा एक झाला.
एकदाच. परत कधी नाही.

निरभवणे सर म्हणाले, एकदाच ना?
चौदा हजार वेळा बरोबर आलंय की.
सोमवारी माल जायचा होता.
वाईट माणूस नाही. स्वतःचा डबा उघडून म्हणाले, आधी खाऊन घे.

मी खाल्लं. मेथी गार झाली होती.
नोंदवहीत वेळ लिहिली, तापमान लिहिलं,
कारणाच्या रकान्यात लिहिलं, माहीत नाही.
सोमवार आला, गेला. सर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

सहाव्या रात्री सापडलं.
कार्डात काहीच नव्हतं.
आमच्याच तपासणीच्या जोडणीतली एक पिन
थंडीत केसभर आखडत होती.
नऊ वर्षं त्याच पिनेतून आम्ही
बाकीच्यांना प्रश्न विचारत होतो.

सर खुर्चीत बसले. मग हसले. मग हसायचे थांबले.

सकाळी दहाव्या मैलावर उतरले तर
टपरीवरचा पोरगा हात चोळत म्हणाला,
लई थंडी ताई, चार डिग्री.
मी हसले नाही.
त्याच्या अंगावर एकच शर्ट होता.

चहा संपेपर्यंत एकच आठवत राहिलं,
स्टोअरच्या मागचं राखाडी कपाट,
लाल चिठ्ठ्या बांधलेली सदतीस कार्डं,
चिठ्ठीवर नापास,
आणि खाली, प्रत्येकीवर,
माझी नाहीतर सरांची सही.

पेला ठेवला.
घरी फोन केला, उशीर होईल.
आई म्हणाली, काही वाईट तर नाही ना?
समजा, म्हणाले मी,
आणि परतीची बस पकडली.