बर्फ आलं तर

हेल्दुर निवृत्त झाला त्या शुक्रवारी
टेबलावर ठेवून गेला कान तुटलेला एक मग
आणि चारशे सतरा नियम.

"हातानं लिहिलेत," म्हणाला,
"कोण आत, कोण बाहेर, कुठल्या पोर्टवर."
सर्व्हर नेमके कुठे ते त्यालाही ठाऊक नव्हतं,
समुद्रापलीकडे, स्टॉकहोमच्या बाजूला कुठेतरी.
त्यांची दारं मात्र इथून उघडायची,
हापसालूतल्या बेकरीच्या वरच्या खोलीतून,
जिथे पहाटे पाचलाच काळ्या पावाचा वास
कीबोर्डवर येऊन बसतो.

मी वाचायला घेतले.
काही नियम जुळे भाऊ, फक्त तारीख वेगळी.
तिसऱ्यानं उघडलेलं सातव्यानं लावून घेतलेलं.
एक तर साऱ्या जगाला आत घेणारा,
शेजारी शेरा : तात्पुरतं, सोमवारी काढणे.
तो सोमवार नऊ वर्षांपूर्वीचा.

मग मी ते यंत्राच्या हाती दिलं.
नियम यापुढे फाईलीत लिहायचा,
दुसऱ्या कुणीतरी वाचून हो म्हणायचं,
रात्री दोन दहाला स्क्रिप्ट फेरी मारणार,
फाईलीत नाही ते उपटणार,
आणि ज्या दारातून नव्वद दिवस
कुणी आलं-गेलं नाही
ते बंद.
वाट वापरली नाही की वहिवाट मोडते,
यात यंत्राचं काय चुकलं?

पहिल्याच रात्री दोनशे एकसष्ट दारं मिटली.
सकाळी कुणाचा फोन नाही, कुणाची तक्रार नाही.
मी खालून दालचिनीचा पाव आणला,
आख्खा एकटीनं खाल्ला.

फेब्रुवारीत समुद्र गोठला.
चार हिवाळ्यांत पहिल्यांदा.
वोर्म्सी बेटाकडे जायचा बर्फाचा रस्ता
फांद्या रोवून आखला माणसांनी,
आणि रस्ते खात्याच्या तोइवोचा फोन आला :
"पिरित, जाडी दिसत नाही गं पडद्यावर.
यंत्र बर्फात बसवून आठ दिवस झाले.
लोक गाड्या घेऊन उभे आहेत काठावर."

मी नोंदी उघडल्या.
नाकारलं. नाकारलं. नाकारलं.
दर दहा मिनिटांनी, एकाच पत्त्यावरून,
अकराशे बावन्न वेळा.
उणे एकोणीसात उभं राहून
कुणी इतक्या सभ्यपणे दार वाजवत होतं,
आवाज न चढवता,
आणि आतलं कुणी झोपलेलंही नव्हतं.

जुन्या आवृत्त्यांत सापडला तो. अठ्ठ्याऐंशीवा.
एक पत्ता, एक पोर्ट, आणि हेल्दुरचा शेरा,
ना तारीख, ना नाव :
बर्फ आलं तर.

तेव्हाही वाचला होता मी.
वाटलं, म्हातारा कंटाळला असेल,
काहीतरी खरडलं असेल.

नियम फाईलीत लिहिला. वाचून हो म्हणायला
त्या वेळी कुणी नव्हतं, मीच म्हटलं.
चार मिनिटांनी पहिला आकडा आला : चोवीस.
तोइवोनं आडवा दांडा उचलला.
गाड्या निघाल्या एकेक, अंतर राखून,
सीटबेल्ट न लावता. इथे तसाच नियम आहे,
खालचं तडकलं तर
दार लगेच उघडता यावं म्हणून.

फाईलीत आता एक रकाना वाढवलाय,
"कशाची वाट पाहतोय."
रिकामा ठेवला तर स्क्रिप्ट अडते.
बऱ्याच जणांनी त्यात एक टिंब देऊन ठेवलंय.

संध्याकाळी हेल्दुरला फोन केला.
सगळं सांगितलं, नव्वद दिवसांचंही.
वाटलं रागावेल, निदान हसेल.
तो म्हणाला, "जाडी किती?"
"चोवीस."
"मग जाता येईल."
आणि फोन तसाच चालू राहिला,
पलीकडे एक बूट शोधला जात होता,
मग दुसरा.