डावा खांदा अर्धा इंच

सहावीच्या गणवेशाच्या वेळी वहीत मीच लिहिलं होतं:
डावा खांदा अर्धा इंच खाली.
शिवणाऱ्या बाईला असं सगळ्यांचंच दिसतं.
पतसंस्थेतल्या अहिरराव बाईंची कंबर तिरकी,
त्यांच्या जावेचा एक हात लांब.
आपण कापडात भागवतो,
बोलत नाही.

सातवीत पाऊण इंच.
मी आतून गादी लावली,
पाठीला उजवीकडे घेर थोडा सोडला,
आणि स्वरदा आरशात सरळ उभी राहिली.
आठवीत सव्वा.
माझा हात चांगला आहे,
तिथेच घात झाला.

तिडके कॉलनीत डॉक्टर सोनजेंनी फोटो काचेवर लावला,
पट्टी ठेवली, पेन्सिलीने दोन रेघा मारल्या.
अठ्ठावन्न अंश.
उरेब कापड मला कळतं,
पण हे माझ्या पोटात विणलेलं.

ऑपरेशनच्या दिवशी गोदेला पाणी होतं.
कँटीनवाला सांगत होता,
दुतोंड्या मारुतीच्या कंबरेला लागलंय.
आमच्याकडे पुराचं माप मारुतीच्या अंगावर घेतात.
आत अठरा स्क्रू, दोन सळया,
आणि एक मुलगी म्हणे नुसती पडद्याकडे बघत बसलेली,
पायांपर्यंत निरोप पोचतोय ना, एवढंच.
"पाय जाऊ शकतात" या ओळीखाली
सही माझी होती.
सात तास.
मग कुणीतरी म्हणालं, बोटं हलव,
आणि चादर हलली.

एकोणीस अंश उरले.
शून्य का नाही, मी विचारलं.
डॉक्टर म्हणाले, ओढलं असतं, पण नसा?
शिवण किती ताणायची ते मला कुणी शिकवायला नको,
तरी विचारलं.

घरी आली तर जुना एकही ड्रेस बसेना.
सरळ पोरगी, वाकडे कपडे.
गादी, घेर, सगळी माझी लबाडी
तिच्या अंगावर उघडी पडली.
रात्रभर उसवत बसले.

आता सुई पडली की ती वाकत नाही,
गुडघे मोडून ताठ खाली जाते,
पाटावर बसायला निघालेल्या गौरीसारखी.
नखं मी कापते. तिला आवडत नाही.
व्रणाच्या डाव्या बाजूला हात लावला
तर म्हणते, ते माझं नाहीये, पुढे सरक.
सायकल मात्र चालवते,
गंगापूर धरणापर्यंत, न सांगता.

वर्षाने दवाखान्यात फॉर्म दिला.
दुखणं किती, झोप कशी,
आणि शेवटी: तुमच्या पाठीकडे बघून तुम्हाला काय वाटतं?
पाच चौकोन.
तिने एकातही खूण केली नाही.
बाजूला लिहिलं,
मला माझी पाठ दिसत नाही, आईला विचारा,
आणि कागद माझ्याकडे सरकवला.

सिस्टर थांबलेली.
मी पोरीला उठून उभी राहा म्हटलं,
पर्समधली टेप काढली.
मग त्या पाच चौकोनांच्या खाली,
माझ्या वहीतल्या अक्षरात:
डावा खांदा पाव इंच खाली.
आणि सही.