सार्डिनचा वास

पहिल्या दिवशी नुसती रिकामी गल्ली.
एक नळ, एक बंद दार, आणि तू.
"बघ," म्हटलं. बघितलंस.
तेवढ्याबद्दल नखाएवढं चीज.
हे कुणालाही जमतं, फारोल,
जिथे काहीच नाही तिथे एकचित्त होणं.

मग चेंडू ठेवला, वीस पावलांवर.
मग पंधरा. मग सात.
मग शेजारच्या इडालिनाबाईंची मांजर,
जी बिशपलाही भीक घालायची नाही,
कठड्यावर बसून शेपटी हलवत राहिली
आणि तुझ्या पाठीवरचे केस
उभे राहिले, निजले, पुन्हा उभे राहिले.
डोळे मात्र माझ्यावर.
त्या दिवशी मी चीज कापलं नाही.
अख्खं दिलं.

दोरीने मान वळते.
बाकीचं वळत नाही.
हे मला आल्सीनूने सांगितलेलं,
ज्याच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती
आणि ती कशी गेली हे तो दर वेळी वेगळं सांगायचा.
"कुत्र्याला वासाशी भांडायला लावू नकोस, हरेल.
तू वासाहून थोडी बरी हो.
थोडीच. फार नको."

फेब्रुवारीत पोस्टापुढची कबुतरं.
मार्चमध्ये शाळा सुटायची वेळ,
दप्तरांचा लोंढा, आणि प्रत्येक हाताला
तुझ्या मऊ कानांची हाव.
मी घसा फोडून सांगत होते,
हात लावू नका, तो कामावर आहे.
एका पोरीने विचारलं,
"मग पगार किती त्याला?"

आणि जूनमध्ये, सेतूबलचा मासळीबाजार.
सकाळचे आठ. फरशीवर बर्फाचा चुरा,
तलवारमाशाचं मुंडकं नेमकं तुझ्या नाकाच्या उंचीवर,
दाराबाहेर शेगडी पेटलेली,
चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्र,
आणि तो धूर, जो माणसालासुद्धा
घरचा रस्ता विसरायला लावतो.
मासेवाल्या ओलिंपियाने एक सार्डिन
तुझ्या पुढच्या पायाशी पाडली.
चुकून नाही.
मीच तिला आदल्या दिवशी पैसे दिले होते.

तू खाली पाहिलंस.
मी मोजलं. एक. दीड.
लाळेची तार लांबत गुडघ्याला लागली.
लाख गोष्टी होत्या त्या बाजारात,
लक्ष एकच.
ते उचललंस, फरशीवरून उचलावं तसं,
आणि आणून माझ्या तोंडावर ठेवलंस.
ओलिंपिया म्हणाली, "माझा नवरा एवढा शिकला असता तर."

ऑगस्टमध्ये तुझी मूठ आदेरितूच्या हातात दिली.
पियानो जुळवणारा माणूस.
त्याने तुला आधी कुरवाळलं नाही,
वाकून ऐकलं,
आणि म्हणाला, "हा जरा वरच्या पट्टीत धापतो."
मला सात महिन्यांत ऐकू आलं नव्हतं.
संस्थेचा नियम आहे:
तीन महिने भेटायचं नाही,
दिसलं तरी हाक मारायची नाही.
मी तो नियम दुसऱ्यांना पाठ करून घेते.

नोव्हेंबरात, फेरीच्या धक्क्यावर,
तुम्ही दोघं समोरून आलात.
वारा माझ्याकडून तुझ्याकडे.
मी पाठ फिरवायला हवी होती.
तुझी नाकपुडी हलली.
शेपटीचं टोक, अगदी टोकच, उचललं गेलं.
मी मोजलं. एक.
दीड.

मग तू समोर पाहिलंस,
पायरीपाशी थांबलास,
त्याच्या बुटाला पायरी सापडेपर्यंत तसाच राहिलास.
दोघं फेरीत शिरलात.

भोंगा वाजला.
मी धक्क्यावर उभी,
तुझ्या पायाशी पडलेली, न उचललेली.
खिशात चीज होतं. का होतं, विचारू नकोस.
मीच खाल्लं.
अख्खं.