नीट वतना

कुडचडेच्या पुलावर गाडी डावीकडे ओढली
तेव्हा मी चाक उजवीकडे फिरवलं
आणि काहीच झालं नाही.
आणखी चार बोटं फिरवलं, मग तिला आठवलं.
समोरच्या ट्रकवाल्यानं दिलेली शिवी
मला वाजवीच वाटली.

चौसष्टची फियाट. रंग एकेकाळी साईचा.

बोनिफास मेस्त खाली सरकला, नुसते पाय बाहेर.
"बॉक्स गेला, पात्रांव."
स्क्रू आवळून बघ ना, म्हटलं.
आवळला. मधे बरं,
पण पुरतं वळवलं की चाकाची दातखीळ.
मग त्यानं उघडूनच दाखवलं:
कडेचे आटे नवेकोरे,
झीज सगळी मधोमध.
"नीट वतना झिजता तें," म्हणाला,
"वळणांनी न्हय."
एकाच टपाल कचेरीत सव्वीस वर्षं काढलेला मी
जरा वेळ गप्प राहिलो.

नवा बॉक्स मुंबईहून, अकरा हजार, पार्सल वेगळं.
माझ्याकडे छत्तीसशे,
त्यातले नऊशे सिलिंडरचे.

रिवणला खतीबच्या परसात
फणसाखाली एक पद्मिनी, तेवीस पावसाळे तिथेच.
टायर मातीत, मुंग्या डिकीत,
ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी.
"पाच हजार," खतीब म्हणाला.
दोन हजार सहाशे आणि माझी मेलेली बॅटरी, यावर तुटलं.
"पण आज नाही. ती बसली आहे."
कोण बसली आहे?
त्यानं कोंबडीकडे बोट केलं.

अकरा दिवस मी सायकलीनं कामावर गेलो.

बाराव्या दिवशी पिल्लं बाहेर, आम्ही आत.
दांड्यासकट बॉक्स निघाला, काळा, जड,
आत घट्ट झालेलं ग्रीस, खरवसासारखं.
मेस्तनं आटा अंगठ्यानं चाचपला,
काही बोलला नाही, खिशात रुमाल शोधला.
म्हणजे चांगला होता.

गॅस्केट कापलं एका लग्नपत्रिकेतून
(वर रुक्मांगद, खाली वर्धिनी, मधे बोल्टाचं भोक),
शिम बिअरच्या डब्याचा पत्रा,
सील रिक्षाचा, साठ रुपये.
आमच्या जुन्या बॉक्सचा आर्म मात्र सुटेना.
पुलर नव्हता. हातोडे दोन होते.
"समोरासमोर मारायचं, एकदमच."
तीनदा आमचा ताल चुकला,
एकदा माझं बोट.
पाचव्या घावाला तो असा निसटला
जसा कधी अडलाच नव्हता.

हिनं, प्रज्वलानं, चाक धरलं.
डावीकडे. उजवीकडे. पुन्हा.
आम्ही दोघं खालून बघत होतो, पोटावर उताणे टॉर्च.
"आता लगेच ऐकते," ती वरून म्हणाली,
आणि जरा थांबून,
"तुमच्यासारखं नाही."

खडूची खूण मी आधीच पुसली होती, हाताला.
म्हणून चाक एक दात चुकून बसलं आहे:
गाडी नाकासमोर चालते
तेव्हा त्याचा आडवा दांडा कललेला,
कानोसा घेतल्यासारखा.
मेस्त म्हणतो, परत काढून बसवू, पंधरा मिनटां.
म्हटलं, राहू दे.

पुलावर तोच ट्रक. निदान तोच रंग.
मी किंचित डावं दिलं,
किंचितच गेली.
सिलिंडर अजून यायचा आहे.