चिमण्या मोजत

धुळ्याहून निघालो तेव्हा उजाडायचं होतं.
मागं हौद्यात वजनकाटा, गॅसची नळकांडी, दोन चादरी.
पुढं मी, आणि स्टिअरिंगवर याकूब पिंजारी,
जो वळणावर हॉर्न देत नाही,
नुसता खाकरतो.

जुनं झालेल्याचा भाव सांगणं हा माझा धंदा.
बंद पडलेल्या जिनिंगमधलं लोखंड
मी टिचकीवर ओळखतो:
बीड, की पोलाद,
की नुसता गंजाचा पापुद्रा, आत काही नाही.

गावाच्या आधी गावाची चिमणी येते.
विटांची, उंच, वर कुठंतरी पिंपळ फुटलेला.
याकूब म्हणतो, एक.
मग हरभरा, मग उपटून रचलेल्या पऱ्हाट्या,
मग बराच वेळ नुसतं काळं रान,
आणि रानाच्या टोकाला,
दोन.

सोनगीरला तांबटांच्या गल्लीत दोनच घरांतून ठोके.
चहावाल्यानं किल्ल्याकडं न बघताच बोट केलं:
वर पाणी होतं तोवर राजे होते.
आम्ही बशीतला चहा संपवला.
दगड मी घेत नाही.

नरडाण्याच्या फाटकात पाऊण तास.
मालगाडीचे अठ्ठावन्न डबे, सगळा कोळसा.
याकूबचा आजा म्हणे याच फाटकात उभा राहून
खांद्यावरची धनुकली खाली टेकवायचा
आणि जाणाऱ्या गाठींना शिव्या द्यायचा.
मशीननं त्याचं पिंजण खाल्लं.
आता ते मशीन मी किलोवर उचलतो.
याकूब याच्यावर काही बोलत नाही,
मीही विचारत नाही.

बेटावदच्या पुढं एक गाव आहे,
पाटीवर ज्याचं नाव चुकीचं रंगवलंय
आणि गावानं ते तसंच चालवून घेतलंय.
तिथं जिनच्या फाटकात ठगूबाई बसलेली,
राखणीचा पगार एकोणीस वर्षं थकलेला.
तिनं किल्ली दिली नाही. स्वतः उघडलं.

चोवीस जिन, ओळीनं, कबुतरांच्या विष्ठेत.
पट्ट्याची चाकं. गाठी दाबायचा प्रेस, अजून वंगण लावलेला.
कोण लावतं?
ती पदरानं हात पुसत राहिली.

मग म्हणाली,
हाऊ भोंगा काय भाव लेशी, भाऊ?
याना आवाजवर मनी सासू चुल्हा पेटाडे.

भोंगा उतरवला. सव्वा अकरा किलो.
एवढ्याशा वस्तूवर सात खेडी उठायची, जेवायची,
पाळी बदलायची.
उलटा केला तर तोंडातून घरटं पडलं:
काड्या, सुतळी, आणि मधोमध
मळलेला, घट्ट बसलेला कापूस.

याकूबनं तो उचलला.
चिमटीत धरून ओढला, पुन्हा ओढला,
डोळे मिटून, जसं कुणी नाडी बघतं.
गावरान आहे, म्हणाला. आखूड धाग्याचा.
हे बियाणं आता कुठंच नाही.
आणि खिशात घातला.
मी वजन धरलं नाही.

संध्याकाळी तापी ओलांडून थाळनेरला.
नदीकाठी सुलतानांच्या कबरी, घुमटांत भेगा,
एका कबरीच्या सावलीत बांधलेली शेळी.
इथून म्हणे अख्खा खानदेश चालायचा.
एक पोरगा सायकल टेकवून आमच्या गाडीकडं बघत होता,
काटा, नळकांडी, सगळं त्याच्या लक्षात आलं.
आठे लोखंड नही, काका, म्हणाला.
आठे नुसता राजा सेत.

मी खिशातलं चुंबक काढून
तरी एकदा भिंतीला लावून बघितलं.
सवय.
ते घसरलं, गवतात पडलं,
आणि अंधार पडेपर्यंत
आम्ही तिघं ते शोधत होतो.

परतताना याकूबनं मोजलं नाही.
शिरपूरच्या दिव्यांच्या अलीकडं
मला एक दिसली, की ताड होता,
मी म्हटलं, सात.
तो खाकरला.
पुढं वळण नव्हतं.